आधी घरं, मग शाळा

बेलफास्टच्या फॉल्स रोडवरून आत वळलं की हॉथॉर्न स्ट्रीट ही साधीशी गल्ली लागते. १९३६ साली स्थापन झालेल्या ‘कुमन ख्लूअन आर्ड’ या आयरिश भाषा मंडळाचा अड्डा इथेच. मंडळाचा एक नियम कडक होता. उंबरठा ओलांडला की आयरिशखेरीज दुसऱ्या भाषेत बोलायचं नाही. चुका करा, अडखळा, खाणाखुणा करा, पण इंग्रजी नको. इथे येणारी मंडळी बहुतेक पश्चिम बेलफास्टच्या कामगार घरांतली. दिवसभर कामधंदा करायचा आणि रात्री इथे यायचं. आयरिश यांच्यापैकी कुणाचीच मातृभाषा नव्हती. बेलफास्टमध्ये आयरिश बोलणारी वस्तीच उरली नव्हती. ही भाषा त्यांनी पुस्तकांतून आणि रात्रीच्या वर्गांतून कमावली होती. उन्हाळ्यात सरहद्द ओलांडून ते डोनेगॉलला जात आणि रान ना फेर्श्टेसारख्या गावात आयरिश बोलणाऱ्या घरी मुक्काम ठोकत. बेलफास्टकरांच्या आयरिशला डोनेगॉलचा वास येतो, तो यामुळेच.

१९६० च्या आसपास या तरुण मंडळींची आपापसात लग्नं जमू लागली आणि एक नवाच पेच पुढे आला. मंडळात रात्रीचे दोन तास बोलायला भाषा होती. पण उद्या घरात मूल येणार. नवराबायको त्याच्याशी आयरिशमध्ये बोलतीलही, पण शेजारी, दूधवाला, आजी, दुकानदार, टीव्ही आणि गल्लीतली पोरं यांचं काय? चार-पाच वर्षांचं झालं की मूल उलटून आईबापाशी इंग्रजीतच बोलणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मग यांनी एक खुळचट वाटावा असा बेत आखला. आयरिश बोलणारं गाव शहरात नाही ना, तर आपणच वसवू. एकमेकांना लागून घरं बांधू, म्हणजे पोराला खेळायला जो सवंगडी मिळेल तोही आयरिशच बोलेल.

आयरिश बोलल्या जाणाऱ्या मुलखाला आयर्लंडात ‘गेलटाख्त’ म्हणतात. गेलटाख्त म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरची खडकाळ, गरीब, निसर्गरम्य खेडी, अशीच सगळ्यांची समजूत. औद्योगिक शहराच्या टोकाला, पगारदार माणसांनी हप्त्यांवर बांधलेली गेलटाख्त कुणाच्या कल्पनेत बसणारी नव्हती.

हा बेत किती उफराटा होता हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

१८३१ साली ब्रिटिश सरकारने आयर्लंडात राष्ट्रीय शाळा सुरू केल्या. त्यांची भाषा इंग्रजी. पश्चिमेकडे अनेक ठिकाणी मुलांच्या गळ्यात काठी अडकवत. मूल आयरिश बोललं की काठीवर एक खाच, आणि दिवसाअखेर खाचांच्या हिशेबाने छड्या. या हिशेबात आईबापही सामील असत, कारण पोराला पुढे बोटीत बसून अमेरिकेला जायचं होतं. १८४५ ते १८५२ च्या दुष्काळाने आयरिश बोलणाऱ्या गरीब मुलखालाच सर्वांत जास्त झोडपलं. लाखो मेले, लाखो देशाबाहेर गेले. विसाव्या शतकाच्या तोंडावर भाषा किनाऱ्यालगतच्या पट्ट्यांत उरली होती.

१९२२ साली दक्षिणेत आयरिश फ्री स्टेट जन्माला आलं आणि नव्या सरकारने जिकडून भाषा गेली तिकडूनच ती परत आणायचं ठरवलं, म्हणजे शाळेतून. बालवर्गातला सगळा व्यवहार आयरिशमध्येच करायचा, मुलांच्या घरी कुठलीही भाषा असो, असं धोरण आलं. त्यामागचे वजनदार विद्वान म्हणजे डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक, जेझुइट पाद्री टिमथी कोरकोरन. घराने दिली नाही ती भाषा शाळा देऊ शकते, असा त्यांचा सिद्धान्त. अमेरिकेत परदेशांतून आलेल्यांची पोरं शाळेतच इंग्रजी शिकतात, हा त्यांचा दाखला. त्या पोरांना शाळेबाहेरही चोहीकडे इंग्रजीच ऐकू येत होतं, ही बाब प्राध्यापकमहाशयांनी फारशी मनावर घेतली नाही. शिक्षकांची अवस्था तर आणखी बिकट. देशात सुमारे १२ हजार प्राथमिक शिक्षक, त्यांतल्या जेमतेम ११०० जणांकडे आयरिशमधून शिकवण्याचं प्रमाणपत्र. म्हणून १९२२ च्या उन्हाळ्यात शिक्षकांचेच वर्ग भरवले. तेवढ्यात यादवी युद्ध भडकलं. पन्नाशीतले मास्तर बाकांवर बसून क्रियापदं घोकताहेत आणि बाहेर गोळीबार चालू आहे, अशा मुहूर्तावर या प्रयोगाची सुरुवात झाली.

पहिल्या शिक्षणमंत्र्यांपैकी एक होते इओन मॅकनील. हे उत्तरेतल्या अँट्रिमचे, आणि १८९३ साली आयरिश भाषेसाठी गेलिक लीग ही संघटना स्थापन करणाऱ्यांतले एक. भाषेवरचं त्यांचं प्रेम वादातीत. पण नुसत्या शाळांतून आयरिश जिवंत करणं म्हणजे कोंबडीला लाकडी पाय बसवण्यासारखं आहे, असं तेच म्हणाल्याचं सांगतात. घरांत आणि समाजात भाषेला जागा नसेल तर शाळा एकटी काय करणार, असा त्यांचा सवाल होता. धोरण मात्र पुढे रेटलंच गेलं. १९४१ साली प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने पाहणी करून सांगितलं, की इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या लहानग्यांना सक्तीने आयरिशमधून शिकवणं बहुसंख्य शिक्षकांना पटत नाही. सरकारने कानाडोळा केला. १९६० मध्ये सक्ती सैल झाली आणि मग शाळा भराभर इंग्रजीकडे वळल्या. १९७२ पर्यंत गेलटाख्तबाहेर पूर्ण आयरिश माध्यमाच्या प्राथमिक शाळा उरल्या अवघ्या ११. सरकार आपलं, तिजोरी आपली, कायदा आपला, तरी पन्नास वर्षांत ही गत.

उत्तरेत तर सरकारही आपलं नव्हतं. १९२१ च्या फाळणीनंतर नॉर्दर्न आयर्लंडमध्ये युनियनवाद्यांचं, म्हणजे ब्रिटनशी जोडून राहू पाहणाऱ्यांचं राज्य आलं. आयरिश त्यांच्या लेखी परकी भाषा, किंबहुना शत्रूची. १९४९ च्या एका कायद्याने रस्त्यांच्या पाट्या इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत लावायला मनाई केली आणि ती १९९५ पर्यंत टिकली. आयरिश येणारी माणसं किती, हे १९११ नंतर जनगणनेत विचारलंच गेलं नाही. हॉथॉर्न स्ट्रीटवरची ही पोरंपोरी सरकारी कागदावर अस्तित्वातच नव्हती म्हणायची.

त्यांनी आपली शक्ती ओळखून छोट्यापासून सुरुवात केली. १९६५ मध्ये मंडळाच्या जागेतच एक नीस्कॉल, म्हणजे बालवाडी सुरू केली. गंमत अशी, की त्याच वर्षी अटलांटिकपलीकडे मॉन्ट्रियलच्या सेंट लँबर्ट या उपनगरात काही इंग्रजी पालकांनी आपल्या मुलांसाठी पूर्ण फ्रेंचमधली बालवाडी सुरू करून घेतली. मॅकगिल विद्यापीठाचे वॉलेस लँबर्ट त्या मुलांच्या प्रगतीची मोजमापं घेऊ लागले आणि त्यातून ‘इमर्शन’ हा शब्द जगभरच्या शिक्षणशास्त्रात रुळला. हॉथॉर्न स्ट्रीटवर कोणी प्राध्यापक मोजपट्टी घेऊन आला नाही. आला तो सरकारी कागद. आयरिश माध्यमाची प्राथमिक शाळा काढायची म्हणून पालकांनी शिक्षण खात्याकडे विचारणा केली होती. उत्तरात मदतीचं नाव नव्हतं, उलट अशी शाळा काढलीत तर कायदेशीर कारवाई होईल, असा इशारा होता. असं शिक्षण ‘योग्य’ या व्याख्येत बसत नाही, असा एकंदर सूर.

शाळेचं घोडं अडलं तरी घरांचं काम थांबलं नाही. पश्चिम बेलफास्टच्या कडेला, अँडरसनटाउनजवळ शॉज रोडवर त्यांनी जमीन घेतली. कुणाकडेच बक्कळ पैसा नव्हता. सगळ्यांनी आपापली पुंजी एकत्र केली, जमेल तिथे अंगमेहनतही केली. १९६९ मध्ये पहिली पाच कुटुंबं राहायला आली आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत घरं अकरावर गेली. बस, एवढंच ते गाव. एका बाजूला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जावी. पण त्या हाकेला ओ येई ती आयरिशमधून, आणि संध्याकाळी अंगणात पोरांची जी भांडणं होत तीही आयरिशमधून. भाषा खरी रुजली की नाही हे मुलं भांडतात कुठल्या भाषेत त्यावरून कळतं, असं माझं मत आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाठ केलेली गाणी ऐकून ते कळत नाही.

पहिली कुटुंबं आली ते वर्षच मोठं विलक्षण होतं. १९६९ च्या ऑगस्टमध्ये बेलफास्टमध्ये दंगली उसळल्या. क्लोनार्डमधला बॉम्बे स्ट्रीट जाळून टाकला गेला. (हो, आपल्या मुंबईचंच नाव. आसपासच्या गल्ल्यांना काश्मीर आणि कानपूर अशी नावं आहेत, साम्राज्याची उरलीसुरली निशाणी.) त्याच सुमारास ब्रिटिश सैन्य शहरात उतरलं. जळालेली घरं उभारायला महापालिका वेळ लावणार हे दिसताच रहिवाशांनी स्वतःच कंबर कसली, आणि त्यांच्या मदतीला धावून गेलेल्यांत शॉज रोडची मंडळी पुढे होती. शेमस मॅक शान हे त्यांतलं ठळक नाव. आपलं घर आपण बांधता येतं हे यांना नुकतंच कळलं होतं आणि तो हातगुण त्यांनी दुसऱ्यांसाठी वापरला. ‘ना हाबर ए, जेन ए’ हे त्यांचं घोषवाक्य तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी आहे. सांगू नको, करून दाखव. बेलफास्टच्या आयरिश चळवळीला भाषणांची ॲलर्जी आहे असं म्हणतात ते उगाच नाही.

तर १९७१. ऑगस्टमध्ये सरकारने खटल्याविना स्थानबद्धता सुरू केली, पहाटे दारं फोडून माणसं उचलली जाऊ लागली, पश्चिम बेलफास्टच्या रस्त्यांवर अडथळे आणि चिलखती गाड्या. त्याच वर्षी शॉज रोडवर एका तयार खोलीवजा शेडमध्ये ‘बुन्स्कॉल फोबल फेर्श्टे’ उघडली. बुन्स्कॉल म्हणजे प्राथमिक शाळा. पटावर मुलं ९. सगळी त्याच वस्तीच्या परिघातली. सरकारी मान्यता नाही, अनुदान नाही. शिक्षकांचा पगार पालक आणि आसपासचे हितचिंतक वर्गणी काढून, सोडती आणि कार्यक्रम करून भागवत. कारवाईचा इशारा कागदावरच राहिला. पुढच्याच मार्चमध्ये नॉर्दर्न आयर्लंडचं स्टॉर्मंटमधलं सरकारच गुंडाळलं गेलं आणि कारभार थेट लंडनहून सुरू झाला. तेव्हाच्या धुमश्चक्रीत नऊ पोरांच्या शाळेवर खटला भरायला कुणाला सवड होती?

पुस्तकं ही पहिली अडचण. आयरिशमधली पाठ्यपुस्तकं दक्षिणेत मिळत, पण ती वेगळ्या अभ्यासक्रमाची आणि बरीचशी दक्षिणेच्या बोलीतली. मुलांना आवडतील अशी चित्रांची गोष्टीची पुस्तकं तर विरळाच. मग इंग्रजी पुस्तकं आणायची, मजकुरावर आयरिश भाषांतराच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, असा उद्योग या चळवळीतल्या अनेक शाळांनी वर्षानुवर्षं केला आहे. पालकांच्या संध्याकाळी कात्री आणि डिंकात जात. चिठ्ठी सुटली की खालचं इंग्रजी डोकावे आणि पोरं नेमकी तिथेच नखं घालत.

शॉज रोडच्या मुलांपुरता शिकवण्याचा प्रश्न सोपा होता, ती घरूनच आयरिश बोलत येत. खरी परीक्षा पुढे होती. आसपासच्या वस्तीतले पालक विचारू लागले, ‘आमच्या घरी इंग्रजी आहे, आमचं पोर घ्याल का?’ नाही म्हणावं तर नऊ-दहा मुलांवर शाळा किती दिवस तगणार? हो म्हणावं तर धोका मोठा. मुलांच्या घोळक्यात इंग्रजी बोलणारी जास्त झाली की मधल्या सुट्टीची भाषा इंग्रजी होते, आणि ज्यासाठी अकरा घरांनी जन्म पणाला लावला ते अंगणच हातचं जाणार. यावर बराच खल झाला असणार. १९७८ मध्ये वाट काढली ती अशी: बाहेरच्या मुलांना जरूर घ्यायचं, पण थेट पहिलीत नाही. आधी त्यांच्यासाठी खास नीस्कॉल. तिथे आयरिश कानावर पडून मुरली की मग शाळा. माझ्या मते बेलफास्टच्या इतिहासातला कळीचा निर्णय हाच. पाच घरांचं स्वप्न पाच घरांपुरतं ठेवलं असतं तर ते आज एखाद्या प्रबंधाची तळटीप झालं असतं.

नीस्कॉलमध्ये चालतं तरी काय? तीन-साडेतीन वर्षांचं पोर पहिल्या दिवशी येतं ते आईचा कोट घट्ट धरून. बाई त्याच्याशी आयरिशमध्येच बोलतात. पहिल्या मिनिटापासून, अपवाद नाही. कोट काढ, खुंटीला लाव, हात धू, इथे बस. प्रत्येक वाक्याबरोबर हात हलतो, वस्तू दाखवली जाते. त्याच गोष्टी रोज त्याच क्रमाने, त्याच शब्दांत. दूध कधी, गाणं कधी, घरी कधी, हे मुलाला भाषेआधी कळतं आणि मग क्रमाला चिकटून शब्द कळतो. पोर इंग्रजीत बोललं तर बाई रागावत नाहीत. त्याचंच वाक्य आयरिशमध्ये करून त्याला परत देतात आणि पुढे जातात. काही आठवडे मूल गप्प असतं. पालक धास्तावतात. मग एक दिवस ते घरी आजीला आयरिशमध्ये दम देतं आणि आजीला ओ की ठो कळत नाही. व्याकरण, धडे, फळा यांचा इथे मागमूस नाही. आयर्लंडात कुणीही शाळेत आयरिश शिकलेला असो, पुढे सगळं विसरला तरी ‘मी शौचालयात जाऊ का’ हे वाक्य त्याला येतंच, कारण ही परवानगी त्या भाषेतच मागावी लागते आणि निकड कुणालाच चुकत नाही. नीस्कॉलचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आलं. भाषा गरजेला जुंपली की बसते.

बुन्स्कॉलमध्ये वाचन-लेखनाचा श्रीगणेशाही आयरिशमध्येच. इंग्रजीचं रीतसर वाचन काही वर्षांनी. नवख्या पालकांना रात्री झोप लागत नसे ती याच मुद्द्यावर. पोराचं इंग्रजी कच्चं राहिलं तर? नोकरीचं काय? बेकारीने गांजलेल्या वस्तीत हा प्रश्न चैनीचा नव्हता. उत्तर मुलांनीच दिलं. रस्ता, टीव्ही, आजोळ सगळं इंग्रजीच होतं, त्यामुळे अक्षरओळख एका भाषेत पक्की झाल्यावर दुसरीत उडी मारायला त्यांना फार काळ लागत नसे.

मान्यतेसाठी अर्ज जात राहिले, परत येत राहिले. १९८४ मध्ये सरकारने शाळेला मान्यता आणि अनुदान दिलं. तेरा वर्षं ती लोकांच्या खिशातून चालली होती.

पण १९८० च्या दशकात आयरिशभोवती दुसरंच वारं वाहू लागलं होतं. लाँग केश तुरुंगातल्या रिपब्लिकन, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या कैद्यांनी कोठड्यांच्या दारांआडून ओरडून एकमेकांना आयरिश शिकवली. कागद नसे तेव्हा भिंतीवर ओरखडे काढून धडे लिहिले. लोक त्याला थट्टेने ‘जेलटाख्त’ म्हणत. १९८१ च्या उपोषणात दहा कैदी मेले आणि पश्चिम बेलफास्ट ढवळून निघालं. रात्रीच्या आयरिश वर्गांना गर्दी झाली, नीस्कॉलच्या दारातही. डेरीमध्येही आयरिश माध्यमाचं शिक्षण सुरू झालं, १९८७ मध्ये फॉल्सवर ‘गेलस्कॉल ना वॉल’ उघडली. चळवळ फोफावली हे खरं, पण किंमतही मोजावी लागली. युनियनवाद्यांना आयरिशची प्रत्येक बालवाडी आयआरए या सशस्त्र संघटनेची शाखा दिसू लागली. शॉज रोडवाल्यांनी घरांचा बेत आखला तेव्हा दंगली सुरू व्हायच्या होत्या, हे सांगून ते थकले असतील.

लंडनलाही हाच संशय होता. १९८५ साली तेव्हाचे नॉर्दर्न आयर्लंड मंत्री डग्लस हर्ड यांनी जाहीर केलं, की निमलष्करी संघटनांना बळ मिळेल अशा सामाजिक संस्थांना सरकारी पैसा मिळणार नाही. १९९० च्या ऑगस्टमध्ये ही कुऱ्हाड ‘ग्लोर ना न्गेल’ या संस्थेच्या पश्चिम बेलफास्ट समितीवर पडली. या समितीच्या आधारावर अनेक नीस्कॉल चालत होत्या आणि तिथल्या कर्मचाऱ्यांचे पगार याच सरकारी योजनेतून येत. आरोप काय, पुरावा काय, हे सांगायची पद्धतच या चाळणीत नव्हती. तीन वर्षांच्या पोरांना दूध देणाऱ्या बायांचे पगार राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने थांबवले गेले. मोर्चे निघाले, सभा झाल्या, परदेशांतूनही निषेध झाला. १९९२ मध्ये सरकारने मुकाट्याने अनुदान परत सुरू केलं. बंदीने काय साधलं असेल तर एवढंच, की आयरिशशी देणंघेणं नसलेलेही कितीतरी लोक तिच्या बाजूने बोलू लागले.

बुन्स्कॉलमधून बाहेर पडणारी मुलं तोवर इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात जात होती. १९९१ मध्ये फॉल्स रोडवरच्या एका जुन्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या इमारतीत ‘कुल्तूर्लन’ हे सांस्कृतिक केंद्र उघडलं आणि तिथेच ‘म्यानस्कॉल फेर्श्टे’ ही माध्यमिक शाळा सुरू झाली. पुन्हा विनाअनुदान, आणि योगायोगाने पुन्हा नऊच मुलं. केंद्राला पुढे दोघांची नावं जोडली गेली: कार्डिनल टॉमास ओ फीअख आणि एकोणिसाव्या शतकातले प्रॉटेस्टंट कारखानदार रॉबर्ट मॅकॲडम. मॅकॲडम यांनी आयरिश हस्तलिखितं आणि म्हणी जमवण्यात हयात घालवली होती. कॅथलिक वस्तीच्या फॉल्स रोडवर प्रॉटेस्टंटाचं नाव लावणं हे तेव्हा धाडसाचंच होतं. त्याच १९९१ मध्ये जनगणनेत ऐंशी वर्षांनी आयरिशचा प्रश्न परतला आणि १ लाख ४२ हजार लोकांनी आपल्याला थोडीफार तरी येते असं लिहून दिलं. माध्यमिक शाळेला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. आज ती ‘कोलाश्टे फेर्श्टे’ या नावाने चालते आणि आयरिश माध्यमाच्या सर्वांत मोठ्या माध्यमिक शाळांत तिची गणना होते.

१९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर सगळं उलटलं. आयरिश माध्यमाच्या शिक्षणाला उत्तेजन देणं हे शिक्षण खात्याचं कायदेशीर कर्तव्य ठरलं. ३३ वर्षांपूर्वी कारवाईची धमकी देणारं खातं ते हेच. कायद्यातले शब्द आणि प्रत्यक्ष बस यांत मात्र अंतर होतं. कोलाश्टे फेर्श्टेला लांबलांबच्या गावांतून मुलं येत आणि त्यांच्यासाठी बसची सोय करायला खातं राजी नव्हतं. शाळा कोर्टात गेली. २०११ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की कायद्यातलं कर्तव्य शोभेचं नाही, खात्याने निर्णय घेताना त्याला पुरेसं वजन दिलेलं नाही. आज उत्तर आयर्लंडात सात हजारांहून अधिक मुलं आयरिश माध्यमात शिकतात. अलीकडे परदेशातही गाजलेला ‘नीकॅप’ हा रॅपचा चमू याच पश्चिम बेलफास्टच्या आयरिश जगातून आला आणि त्यातला एक जण आयरिशचा शिक्षक होता. त्यांच्या तोंडी जी आयरिश आहे ती ऐकून डोनेगॉलच्या म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले असतील.

म्हाताऱ्यांच्या या नापसंतीत थोडं तथ्यही आहे. गॅब्रिएल मॅग्वायर यांनी शॉज रोडच्या वस्तीवर लिहिलेला अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथून पुढच्या अनेक निरीक्षकांना दिसलं ते असं, की या मुलांची आयरिश सफाईदार आहे, बिनधास्त आहे, पण तिची वाक्यरचना इंग्रजीच्या वळणाने जाते. ‘मी शिक्षक आहे’ म्हणायला आयरिशमध्ये एक वेगळं क्रियापद लागतं, मुलं सरळ दुसरंच वापरून मोकळी होतात. शिक्षक सुधारतात, पोरं पुन्हा तेच बोलतात, कारण त्यांच्या वर्गात सगळे तसंच बोलतात. शुद्धतेवाले हळहळतात. मला विचाराल तर चुकायला वीस सवंगडी असणं हीच त्या मुलांची कमाई. त्यांच्या आईबापांना हॉथॉर्न स्ट्रीटवर शुद्ध बोलायला शिक्षक मिळाले, पण चुकीचं बोलून खिदळायला मित्र मिळाले नव्हते. खरी चिंता वेगळी आहे. शाळेत बारा वर्षं आयरिशमध्ये काढलेली मुलं फाटकाबाहेर पडली की आपापसात पुष्कळदा इंग्रजीच बोलतात. शॉज रोडची अकरा घरं होती, तशी घरं आता शाळांच्या मानाने फार थोडी आहेत. मॅकनीलची कोंबडी अजून पुरती चालू लागलेली नाही.

आणि पूर्व बेलफास्ट? नदीपलीकडचा हा भाग जहाजबांधणी कामगारांचा, कट्टर युनियनवादी. तिथे न्यूटनार्ड्स रोडवर लिंडा अर्विन या बाईंनी आयरिशचे वर्ग चालवले आणि प्रॉटेस्टंट शिकणारे शेकड्यांनी येऊ लागले. २०२१ मध्ये त्यांनी तिथल्या एका प्राथमिक शाळेच्या आवारात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्ही पंथांच्या मुलांसाठी आयरिश नीस्कॉल काढायचं ठरवलं. समाजमाध्यमांवर इतका द्वेष उसळला की जागा बदलावी लागली. त्या डगमगल्या नाहीत, दुसऱ्या ठिकाणी नीस्कॉल उघडली, आणि २०२४ मध्ये त्या मुलांसाठी प्राथमिक शाळाही उघडली. ही भाषा तुमची कशी, असं विचारणाऱ्यांना लिंडाबाई आपल्या सासरचा १९११ चा जनगणनेचा कागद दाखवतात. पूर्व बेलफास्टमधल्या त्या प्रॉटेस्टंट कुटुंबाच्या पुढे भाषेच्या रकान्यात आयरिशची नोंद आहे.